न पोचणारी आगगाडी

"ओथा, आज काय ते ठरव. एक तर ते बोकड या घरातून जाईल, नाहीतर मी जाईन."

मिस वर्लीन ग्रेशम स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. घरात बोकड नव्हतं. खुर्चीत त्यांचा नवरा ओथा बसला होता आणि त्याच्या हातात चार बोटं लांबीचा माउथ ऑर्गन होता.

"बोकड नाहीये गं. आगगाडी आहे ती."

"कुठली आगगाडी?"

"मेम्फिसहून येणारी."

"मग तिला म्हणावं, तिकडेच थांब. शेजारची ओझेला रात्रपाळी करून येते बिचारी. सकाळी जरा डोळा लागतो, तर तिची कुत्री तुझ्या साथीला गळा काढतात. हे घरात चालणार नाही आणि अंगणातही चालणार नाही. कळलं?"

"कळलं," ओथा म्हणाला. तेहतीस वर्षांच्या संसारात त्याने सर्वांत जास्त वापरलेला शब्द हाच असेल.

आमच्या पेकन बेंडमध्ये मिस वर्लीनना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. (लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात.) पंचवीस वर्षं त्या शाळेची आठ नंबरची बस चालवत होत्या आणि पंचवीस वर्षांत ती बस एक दिवसही उशिरा पोचली नव्हती. मिसिसिपी नदीला पूर आला, धुक्यात आपलाच हात आपल्याला दिसेना, एकदा तर बसच्या नाकासमोर एक गाय व्यायली, पण आठ नंबर वेळेवर. त्याला कारण होतं. वर्लीनची आई लहानपणी रोज चार मैल चालत शाळेत जायची. बस तेव्हाही होती, पण ती गोऱ्यांच्या मुलांची; आम्हा काळ्यांच्या मुलांना तीत जागा नव्हती. ती शेजारून जायची आणि आईच्या फ्रॉकवर चिखल उडवून जायची. आई पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा. हे ऐकत वाढलेल्या वर्लीनने पहिल्याच दिवशी स्टिअरिंगला हात लावून ठरवलं की माझ्या बसमधलं मूल पहिला तास चुकवणार नाही. या गोष्टीचा अख्ख्या गावाला अभिमान आहे. त्यांना स्वतःलाही आहे आणि तो झाकून ठेवायची त्यांना सवय नाही.

यंदा शाळाखात्याने त्यांच्यासाठी कोटाला लावायची पिन करून घेतली होती. सोन्याचा मुलामा दिलेली, नखाएवढी पिवळी बस. अशी पिन आजवर कुणालाच मिळाली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये समारंभ होता आणि त्यासाठी मिस वर्लीननी पांढरी, पिसाची नवी हॅट आणून खोक्यात जपून ठेवली होती.

ओथाकडे जपून ठेवावं असं काही नव्हतं. तीस वर्षं कॅटफिशच्या कारखान्यात मासे कापायच्या यंत्राशेजारी उभा राहून तो नाताळात रिटायर झाला. यंत्राने त्याची बोटं शाबूत ठेवली, पण निम्मे कान घेतले. चर्चमध्ये पाहुणे आले की लोक त्याची ओळख करून देत, "हा मिस वर्लीनचा नवरा." त्यात खोटं काही नव्हतं. पण बासष्टाव्या वर्षी माणसाला वाटतं, आपल्या नावावरही एखादी गोष्ट असावी.

म्हणून तो मिस्टर सीफसकडे गेला. मिस्टर सीफस चौऱ्याऐंशी वर्षांचे. ब्लूज, म्हणजे आम्हा काळ्यांची जुनी दुःखाची गाणी, वाजवणारा आमच्या गावातला शेवटचा माणूस. दिवसभर न्हाव्याच्या दुकानाबाहेर बसलेले असत.

"मला ब्लूज शिकवा," ओथा म्हणाला.

"ब्लूज नंतर. आधी आगगाडी."

"मला आगगाडी नको, गाणं हवंय."

"मला माझ्या मामाने आधी आगगाडी शिकवली. मामाला त्याच्या मालकाच्या गाडीवानाने आगगाडीच शिकवली. तू कोण मोठा लागून गेलास? गाडी आली की दम येतो, दम आला की गाणं येतं. आणि एक लक्षात ठेव. श्वास सोडताना वाजवायचं, तसं ओढतानाही वाजवायचं. आगगाडी श्वास घ्यायला थांबत नसते, ओथा. तू थांबलास की लोकांना कळतं, हा माणूस आहे."

फेब्रुवारीपर्यंत ओथाला अर्धी गाडी आली. दोन्ही तळव्यांत तो तोंडाचा बाजा घट्ट झाकला की गाडी लांब, तळवे हळूहळू उघडले की गाडी जवळ. क्रॉसिंगची शिट्टीही जमली, खऱ्या गाडीसारखी: दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. पण गाडी अगदी अंगावर आली की ओथाचा दम संपायचा. मग तो धापा टाकायचा आणि पुन्हा लांबून सुरुवात करायचा.

"माझी गाडी येते, पण जात नाही," त्याने तक्रार केली.

"जायचं पुढच्या महिन्यात," मिस्टर सीफस म्हणाले.

घरातून हकालपट्टी झाल्यावर ओथाने रुळांजवळची बंद पडलेली कापसाची जिनिंग गाठली. पत्र्याची भलीमोठी शेड. त्यात एक पिंपाएवढा रुंद पाइप, पूर्वी गाड्यांमधला कापूस ओढून घ्यायचा. पाइपच्या तोंडात डोकं घालून वाजवलं की आपलं वाजवणं आपल्याला दोन्ही कानांनी ऐकू येतं, हा शोध ओथाला तिथे लागला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःची गाडी नीट ऐकली आणि त्याला भरून आलं. पाइपचं दुसरं तोंड कुठे उघडतं, हे बघायचं मात्र त्याला सुचलं नाही. ते रेल्वे क्रॉसिंगच्या दिशेने उघडत होतं.

आता नेमका त्याच आठवड्यात ओढ्यावरचा पूल दुरुस्तीला काढला. आठ नंबरला जिनिंगच्या रस्त्याने जायचा हुकूम झाला. मिस वर्लीननी रविवारी जेवताना हे ओथाला सांगितलंही. ओथा तेव्हा मनातल्या मनात दम मोजत होता. तो म्हणाला, "कळलं."

आमच्याकडे शाळेची बस रुळांपाशी आली की थांबते. गाडी असो नसो, बस भरलेली असो की रिकामी, थांबते. ड्रायव्हर हात वर करतो, मुलं गप्प होतात, ड्रायव्हर खिडकी उघडतो, दार उघडतो आणि कान देतो. काही ऐकू आलं नाही तरच रूळ ओलांडायचे. जिनिंगजवळच्या क्रॉसिंगला फाटक नाही, दिवा नाही आणि शेडमुळे रूळही दिसत नाहीत. तिथे सगळी भिस्त कानांवर.

सोमवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी मिस वर्लीननी हात वर केला, दार उघडलं आणि लांबून आवाज आला: दोन लांब, एक आखूड, एक लांब.

त्यांनी दार लावून घेतलं. गाडी येऊ लागली. जवळ आली, आणखी जवळ आली आणि गप्प झाली. मिस वर्लीननी पुन्हा दार उघडलं. गाडी पुन्हा लांबून येऊ लागली. मागे पेंडीचा ट्रक येऊन थांबला, त्यामागे पोस्टाची जीप, त्यामागे चर्चचे पाद्री. रांगेतल्या एकानेही भोंगा वाजवला नाही, कारण पुढे मिस वर्लीन होत्या. अकरा मिनिटांनी रुळांवर कायमची शांतता झाली, तेव्हा आठ नंबर पलीकडे गेली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा उशिरा पोचली.

गाडीमुळे झालेला उशीर, उशीर धरत नाहीत. मिस वर्लीननी फॉर्मवर लिहिलं, "आगगाडी, अकरा मिनिटं." मंगळवारी त्या दहा मिनिटं आधी निघाल्या. ओथाही त्या दिवशी उत्साहाने लवकर आला होता. आगगाडी, नऊ मिनिटं. बुधवारी चौदा, कारण ओथाचा दम वाढत होता.

बुधवारी दुपारी बसखात्याचे प्रमुख मिस्टर लॅम्पकिन यांनी त्यांना बोलावून घेतलं. वय अडतीस, टाय घट्ट.

"मिस वर्लीन, मी रेल्वेला फोन केला होता. ते म्हणतात, त्या रुळांवर दुपारच्या आधी गाडीच नाही."

"त्यांना म्हणावं, या आणि ऐका."

"तुमचे कान एकदा तपासून घ्यायचे का?"

"तपासा की. आणि उद्या सकाळी माझ्या बसमध्ये येऊन बसा. जागा ठाऊक आहे ना?"

लॅम्पकिनना जागा ठाऊक होती. सहा वर्षं ते आठ नंबरच्या तिसऱ्या बाकावर बसून शाळेत गेले होते.

संध्याकाळी मिस वर्लीननी मक्याचा पाव ताटात असा आदळला की त्याचे दोन तुकडे झाले. "माझे कान तपासणार म्हणे! जिनिंगच्या क्रॉसिंगला तीन दिवस मी गाडी ऐकतेय आणि हे म्हणतात गाडी नाही!"

ओथाचा घास हातातच राहिला. "कुठल्या क्रॉसिंगला?"

"जिनिंगच्या! रविवारी सांगितलं ना? तू ऐकतोस कधी?"

ती गाडी कुठली, हे ओथाला कळलं आणि तो घाबरला. पण त्या भीतीच्या शेजारीच काहीतरी उबदार वर येऊ लागलं. ते दाबायचा त्याने प्रयत्न केला, पण दबेना.

"अगदी खरी वाटली गाडी?"

"वाटली म्हणजे? खरीच होती. पंचवीस वर्षं गाड्या ऐकतेय मी."

"किती लांब असेल?"

"अर्धा-पाऊण मैल. आणि मालाने भरलेली. आवाज जड होता, दमदार."

"दमदार," ओथा म्हणाला आणि त्याने आणखी एक पाव मागून घेतला.

खरं सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गाड्यांची एवढी पारख असलेली आपली बायको तीन दिवस बोकडासाठी बस थांबवून बसली, हे तिला तोंडावर सांगायचं कसं? त्यापेक्षा उद्या जिनिंगला जायचंच नाही. गाडी येणार नाही, बस वेळेवर जाईल, प्रकरण मिटेल. असा साधा विचार करून ओथा झोपला आणि तिथेच फसला.

गुरुवारी मिस्टर लॅम्पकिन तिसऱ्या बाकावर बसले. क्रॉसिंगला हात वर झाला, दार उघडलं. कुठेतरी एक कावळा ओरडला आणि गप्प झाला.

"येतंय काही ऐकू, मिस वर्लीन?"

"आज नाही," मिस वर्लीन म्हणाल्या.

दुपारी कान तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असे कान मी विशीतल्या पोरीचेही पाहिले नाहीत. हे ऐकून मिस वर्लीन खूश झाल्या, पण तेवढ्यापुरत्याच. कान ठणठणीत आणि गाडी नाही, याचा अर्थ एकच निघत होता. लॅम्पकिन तो तोंडाने बोलले नाहीत. ते म्हणाले, "उद्या पिन द्यायचं आपण जरा थांबवू या."

"म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुझ्या डोक्यात आहे ते मला बसच्या आरशात दिसायचं, टेरेल लॅम्पकिन. आजही दिसतंय."

घरी येऊन त्यांनी आरशासमोर काढून ठेवलेली पांढरी हॅट पुन्हा खोक्यात घातली आणि खोकं कपाटावर टाकलं. बोलल्या मात्र काही नाहीत. ओथाने बायकोचं बोलणं तेहतीस वर्षं सोसलं होतं. हे न बोलणं त्याला सोसेना.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने स्वतः खोकं खाली काढलं. "हॅट घाल. आपण जायचंय."

"कशाला? माझी शोभा करून घ्यायला?"

"घाल म्हणतो ना."

ओथा असं बोलू शकतो, याचंच मिस वर्लीनना इतकं नवल वाटलं की त्यांनी हॅट घातली.

हॉल खच्चून भरला होता. लॅम्पकिननी बाकीची बक्षिसं वाटली आणि पिनेबद्दल चौकशी चालू असल्याचं हळूच सांगितलं. तेव्हा ओथा उठला. मिस्टर सीफसना त्याने मुद्दाम शेजारी आणून बसवलं होतं.

"ती गाडी माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

"काय आहे तुमच्याकडे?"

"गाडी. खिशात." ओथाने बाजा वर धरला. "मी जिनिंगमध्ये रियाझ करत होतो. ती तीन दिवस ऐकत होती ते हेच. गुरुवारी मी घाबरलो आणि तिथे गेलोच नाही."

हॉलमध्ये हसू फुटलं. मिस वर्लीन पुटपुटल्या, "ओथा, खाली बस." पण लॅम्पकिन म्हणाले, "वाजवा."

ओथाने वाजवलं. तीनशे माणसांसमोर बासष्ट वर्षांत तो पहिल्यांदाच उभा होता. तोंड कोरडं पडलेलं, तळवे घामाने भिजलेले. जे बाहेर आलं त्याला दुसरा शब्द नाही. बोकड होतं ते. अडकलेलं.

लोकांना हसता हसता पुरेवाट झाली. "बायकोची अब्रू वाचवायला काय काय करावं लागतं बिचाऱ्याला," मागून एक बाई म्हणाली. आता लोकांच्या लेखी त्या घरात खोटं बोलणारी माणसं दोन झाली.

मिस वर्लीन उठल्या. हॅटवरचं पीस थरथरत होतं. "बघितलंत? हे असं वाजवतो तो. मी काय ऐकलं ते मला माहीत आहे. मी आगगाडी ऐकली."

"बरोबर आहे तुझं, पोरी," मिस्टर सीफस बसल्या जागेवरून म्हणाले. "आणि त्याचंही बरोबर आहे. गाडी पत्र्याच्या शेडमधून निघते, तुम्ही ती हॉलमधून काढताय. उद्या सकाळी क्रॉसिंगला चला. टेरेल, बस तू चालव. बघू तुझं काय होतंय ते."

शनिवारी सकाळी आठ नंबर क्रॉसिंगला येऊन थांबली. स्टिअरिंगवर लॅम्पकिन, मागच्या बाकावर मिस्टर सीफस आणि तिसऱ्या बाकावर मिस वर्लीन, हॅटसकट. शनिवारी दिवसभर गाडी नाही, असं रेल्वेने कळवलं होतं. ओथा शेडमध्ये पाइपमध्ये डोकं घालून, डोळे मिटून तयार होता.

लॅम्पकिननी हात वर केला, दार उघडलं. दोन लांब. एक आखूड. एक लांब.

गाडी येऊ लागली. लॅम्पकिनचा पाय ब्रेकवर होता, तो तिथेच राहिला.

"चला ना, साहेब," मिस वर्लीन म्हणाल्या. "बाजाच आहे तो."

"हो, बाजाच आहे."

"मग?"

"बाजाच आहे, पण समजा नसला तर?"

मिस्टर सीफसना हसताना दात सांभाळावे लागले. गाडी जवळ आली, गप्प झाली, पुन्हा लांबून निघाली. सहा मिनिटं झाली तरी लॅम्पकिननी ब्रेकवरचा पाय काढला नाही. शेवटी त्यांनी कपाळ पुसलं.

"हरलो, मिस वर्लीन. मीही तेच लिहिलं असतं. आगगाडी."

मिस वर्लीन खिडकीबाहेर शेडकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते आम्ही एरवी त्या आठ नंबर धुऊन पुसून लांबून बघतात तेव्हा पाहिलं आहे. "माझा नवरा वाजवतोय ते," त्या कुणीही विचारलेलं नसताना म्हणाल्या.

"कळलं मला. चला, आता पलीकडे जाऊ," असं म्हणून लॅम्पकिननी ब्रेक सोडला.

"थांब!"

बस चार हात पुढे जाऊन थांबली.

"काय झालं? बाजाच आहे की!"

"नाही." मिस वर्लीन उभ्या राहिल्या होत्या. "ओथा मध्ये श्वास घेतो. ही घेत नाहीये. मागे घे, टेरेल."

टेरेलने मुकाट्याने बस मागे घेतली. तेवढ्यात शेडच्या आडून खरीखुरी मालगाडी धाडधाड करत बाहेर आली. कागदावर नसलेली, सोयाबीनने भरलेली. शिट्टी फुंकत, जमीन हादरवत ती त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, जातच राहिली आणि मग लांब लांब होत नाहीशी झाली.

मग लॅम्पकिननी खिशातून पिनेची डबी काढली. पिन मिस वर्लीननी स्वतःच कोटाला लावली.

इतक्यात शेडमधून ओथा धावत आला. अंगभर धूळ, डोळे चमकत होते. निम्म्या कानांचा माणूस, डोकं पाइपमध्ये, डोळे मिटलेले, आणि त्यातून तीन दिवस शाळेची बस थांबवलेली. अशा माणसाला स्वतःबद्दल काहीही खरं वाटू शकतं.

"वर्लीन! ऐकलंस? जमली! या वेळी गेली, पार पुढे गेली! अगं, शेड हलत होती!"

लॅम्पकिननी तोंड उघडलं. मिस वर्लीननी समोरच्या मोठ्या आरशातून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पंचवीस वर्षांत त्या पाहण्यापुढे एकाही मुलाचं चाललं नव्हतं, तिसऱ्या बाकावरच्याचं तर नाहीच. लॅम्पकिननी तोंड मिटलं.

मग मिस वर्लीन बसमधून उतरल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि त्याची कॉलर सरळ केली.

"ऐकली," त्या म्हणाल्या. "पूर्ण गेली गाडी. सत्तेचाळीस डबे होते, ओथा. मी मोजले."

आणि मिस वर्लीन खोटं बोलत नाहीत, हे एव्हाना शाळाखात्यालाही मान्य झालं होतं.